गल्लीतील कामापासून पंचायतीच्या अर्जापर्यंत

उन्हाळ्यात टँकर आला की रांग लावणारा, रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी गाडी मिळवून देणारा आणि कानबाईच्या उत्सवात वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा एखादा माणूस खान्देशातील प्रत्येक गावात असतो. निवडणूक लागण्याची कुणकुण लागली की पारावर बसलेले लोक त्याला म्हणतात, "भाऊ, तू ते आमना माणूस शे, मत तुलेच दिसूत." हे वाक्य प्रामाणिक असते, पण त्याच्या भरवशावर अर्ज भरणारे अनेकजण पडतात, काहींचा अर्ज तर छाननीतच बाद होतो. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्यात मी गेली काही वर्षे नवख्या उमेदवारांची कागदपत्रे विनामोबदला तपासून देतो आणि त्याआधी मी स्वतः एकदा ग्रामपंचायतीला पडलो आहे. दोन्ही अनुभवांतून माझे एक मत पक्के झाले आहे. सेवाभावी कार्यकर्ता स्वतःच्या हातांनी काम करतो, तर लोकप्रतिनिधीला तेच काम दप्तराकडून करवून घ्यावे लागते. हा बदल निवडणुकीच्या महिन्यात होत नाही, त्यासाठी किमान वर्ष-दीड वर्ष आधीपासून तयारी करावी लागते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः ग्रामपंचायतीसाठी आहे. नगरपालिका आणि महापालिकेविषयी आवश्यक तेथे थोडक्यात लिहिले आहे.

कोणत्या संस्थेसाठी लढायचे

आपले काम जेवढ्या वस्तीत माहीत आहे, तेवढ्याच आकाराचा मतदारसंघ निवडावा. ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य असतात, गावाचे प्रभाग पडलेले असतात आणि ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे गल्लीत काम केलेल्या माणसाला येथे खरोखर वाव असतो. पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका येथे पक्षाची उमेदवारी हा पहिला प्रश्न असतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ पासून महापालिका आहेत आणि तेथील बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. एका कॉलनीत नावाजलेल्या कार्यकर्त्याला इतक्या मोठ्या प्रभागात पक्ष किंवा मजबूत आघाडी नसताना उभे राहणे परवडत नाही. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा नगरपालिकांच्या गावांत प्रभाग तुलनेने लहान असतात, पण तेथेही नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जात असल्यामुळे सदस्याच्या उमेदवाराचे भवितव्य बरेचदा वरच्या नावाशी बांधलेले असते.

नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, साक्री आणि शिरपूर तालुक्यांचा काही भाग आणि चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची काही गावे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या भागात, मोडतात. तेथे १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा) कायदा लागू आहे, सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते आणि ग्रामसभेचे अधिकार इतर गावांपेक्षा अधिक असतात. आपले गाव या यादीत आहे की नाही, हे तहसील कार्यालयातून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

निवडणूक कधी होईल याचा अंदाज बांधून स्वतःच्या आयुष्याची आखणी मात्र करू नये. जळगाव महापालिकेची मुदत २०२३ च्या सप्टेंबरात आणि धुळे महापालिकेची त्याच वर्षाच्या डिसेंबरात संपली, आणि त्यानंतर दीर्घकाळ दोन्हीकडे प्रशासक होते. नोकरी सोडून "तयारीला लागलेले" काही तरुण त्या काळात अक्षरशः कर्जबाजारी झालेले मी पाहिले आहेत.

मदतीची वही आणि दप्तराची ओळख

एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि तिच्यात चार रकाने आखावेत: तारीख, कोणाचे काम, ते कोणत्या कार्यालयाचे, आणि काय झाले. सहा महिन्यांनी ही वही वाचली की एक गोष्ट लक्षात येते. आपण ज्याला सेवा म्हणत होतो, त्यातील निम्म्याहून अधिक कामे ही मुळात कोणाची तरी जबाबदारी होती आणि ती न झाल्यामुळे आपण धावत होतो. टँकरची रांग आपण लावली हे चांगलेच, पण टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावापासून सुरू होतो, आणि तो ठराव वेळेत झाला नाही म्हणून गावाने पंधरा दिवस विकतचे पाणी प्यायले, हे उमेदवाराला कळले पाहिजे.

हे कळण्याचे ठिकाण म्हणजे ग्रामसभा. कायद्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. त्या चारही सभांना जावे, पण केवळ बोलण्यासाठी जाऊ नये. आमच्या गावच्या एका सभेत मारुतीच्या पारासमोर सतरंजीवर चाळीसेक माणसे बसली होती. खालच्या आळीची गटार बांधण्याचा विषय मी मांडला, सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघांनी टाळ्याही वाजवल्या आणि मी समाधानाने घरी आलो. आठ महिन्यांनी पंचायत समितीत चौकशी केली तेव्हा ठरावाची नक्कल मागण्यात आली, आणि इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवसाखाली गटारीचा शब्दही नव्हता. सह्या मात्र होत्या, त्यांत माझीही होती, कारण सभेत आल्या आल्याच कोऱ्या पानावर सह्या घेण्याची पद्धत होती आणि मी ती मुकाट्याने पाळली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की विषय लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, सभेतच ठराव वाचून दाखवण्याची विनंती करावी, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिली गेली का ते पाहावे आणि महिनाभरात नक्कल मागावी.

ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम आहे, तरी गावात त्याला भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांशी भांडण घेऊन दप्तर शिकता येत नाही. त्यांच्याकडून किमान तीन गोष्टी समजून घ्याव्यात: घरांच्या कर आकारणीची नोंद असलेला नमुना ८, वित्त आयोगाच्या निधीचा खर्च आणि गावाचा वार्षिक विकास आराखडा. वित्त आयोगाच्या निधीचा काही भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील असतो. तो समाजमंदिराच्या रंगरंगोटीला वापरता येत नाही, ही एवढी एक गोष्ट माहीत असलेला उमेदवार प्रचारात खोटे आश्वासन देण्यापासून वाचतो. माहिती तोंडी मिळाली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. मात्र दर आठवड्याला अर्ज टाकणारा माणूस गावात "अर्जवाला" म्हणून ओळखला जाऊ लागतो, आणि ती ओळख मतपेटीपर्यंत पाठ सोडत नाही.

याच काळात एखाद्या समितीत जबाबदारी घ्यावी. शाळा व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तंटामुक्त समिती यांपैकी कोणतीही चालेल, पण माझी पसंती पाण्याच्या समितीला आहे. पांझरेच्या खोऱ्यातील फड बागायतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीत, पाटकरी कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचे ते सांभाळतो, जागल्या राखण करतो आणि पाळी सर्वांना ठाऊक असते. ती पद्धत शतकानुशतके टिकली. नळयोजनेत तेच काम व्हॉल्व्ह फिरवणारा करतो. कोणत्या आळीला किती वाजता पाणी सुटते आणि का, हे ज्याला भिंतीवर लिहून दाखवता येते, त्याला मते मागताना वेगळे भाषण करावे लागत नाही.

स्वतःचे घर आधी तपासणे

या टप्प्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि सर्वाधिक उमेदवाऱ्या येथेच जातात. वय २१ वर्षे पूर्ण असावे आणि नाव त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत असावे, एवढे सर्वांना माहीत असते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्म झाला असेल, तर किमान सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा लागतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल, तर अपात्रता येते. घरी शौचालय असून ते वापरात असल्याचे दाखवावे लागते.

ग्रामपंचायतीचा कर मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही, तर तीही अपात्रता आहे. घर वडिलांच्या नावावर आणि नळ भावाच्या नावावर असला, तरी एकत्र कुटुंबातील सर्व नोंदींची थकबाकी भरून टाकावी आणि पावत्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवाव्यात. अतिक्रमणाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. गावठाणात रस्त्यावर पुढे आलेला ओटा, गायरानात घातलेला गोठा किंवा आजोबांनी बांधलेली पडवी यांवरून निवडून आलेल्या सदस्यांवर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रारी होतात, आणि अतिक्रमण कुटुंबीयांनी केलेले असून आपण त्याचा उपभोग घेत असलो तरी सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विरोधक अर्ज भरण्याच्या दिवशी गप्प राहतात आणि निकालानंतर फोटो काढतात. म्हणून मोजणी करून घ्यावी आणि पुढे आलेला भाग आधीच काढून टाकावा.

सेवाभावी कार्यकर्त्यांना नेमकी लागू पडणारी आणखी एक अडचण आहे. पाणीटंचाईत आपला ट्रॅक्टर पंचायतीला दिला आणि डिझेलचे बिल पंचायतीकडून घेतले, किंवा तरुण मंडळाच्या नावाने वृक्षारोपणाचे काम घेतले, तर पंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध असल्याचा आक्षेप येऊ शकतो. मदत करायची असेल तर ती पूर्णपणे विनामूल्य करावी आणि बिल घ्यायचे असेल तर निवडणुकीचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंचायतीकडून पगार किंवा मानधन मिळत असेल, तर त्या पदाबाबत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारूनच पुढे जावे.

राखीव जागेवर लढायचे असल्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडून उमेदवारी भरता येते, परंतु निवडून आल्यावर दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही तर पद जाते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. जुन्या जीवन शिक्षण मंदिरातील रजिस्टरची पाने कसर लागून फाटलेली असतात आणि नावापुढे जात लिहिलेली नसते. हे काम आजच सुरू करावे.

यादी वाचणे

स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरवील त्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांनुसार फोडली जाते. प्रारूप यादीवर हरकत घेताना चुकीच्या प्रभागात गेलेले नाव हलवता येते, पण विधानसभेच्या यादीतच नसलेले नाव त्या वेळी घुसवता येत नाही. म्हणून नवीन मतदार नोंदणीचे, नमुना ६ चे, अर्ज वर्षभर आधी भरून घ्यावे लागतात. वयाची अठरा वर्षे मोजण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे बारावीच्या मुलामुलींची नोंदणी वर्षातून चारदा करता येते.

यादी हातात आल्यावर प्रभागातील दोन जाणत्या बायका आणि दोन पुरुष यांना ओट्यावर बसवून एकेक नाव मोठ्याने वाचावे. शेवटी जी नावे उरतात त्यांत सासरी गेलेल्या लेकी, वारलेली माणसे, उसाच्या तोडीला गेलेली कुटुंबे आणि सुरतेला कामाला असलेली घरेच्या घरे असतात. खान्देशातील कोणत्याही गावाच्या निकालात सुरतेचा वाटा असतो. ताप्ती लाइनच्या (सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या) गाडीने मतदानाच्या आदल्या रात्री स्वतः येणारा मतदार वेगळा आणि उमेदवाराने गाडी पाठवून आणलेला वेगळा; दुसरा प्रकार आचारसंहितेत बसत नाही आणि खर्चाच्या हिशेबातही लपवता येत नाही. सुरतेच्या मंडळींना दिवाळीत आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आल्यावरच भेटावे, तेव्हा ती निवांत असतात.

आरक्षण, पॅनल आणि "आमचा माणूस" न राहण्याची तयारी

सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि प्रभागांतील निम्म्या जागा महिलांसाठी असतात. सोडतीत जागा महिलेची निघाली की वर्षभर तयारी केलेला पुरुष पत्नीचा अर्ज भरतो आणि स्वतः "सरपंचपती" होण्याची स्वप्ने पाहतो. हा प्रकार मला मान्य नाही, आणि तो शहाणपणाचाही नाही, कारण बचत गटाचे बँकेचे व्यवहार पाहणारी, ग्रामसंघाच्या बैठकीत इतिवृत्त लिहिणारी एखादी ताई त्या प्रभागात बहुधा असतेच आणि तिला दप्तर आधीपासून समजते. आपण तिचे सूचक व्हावे.

थेट सरपंच निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे मतदार सरपंचासाठी एक मत आणि आपल्या प्रभागात जितक्या जागा असतील तितकी मते देतो. तीन जागांच्या प्रभागात एकटा उमेदवार उभा राहिला, तर लोक त्याला एक मत देतात आणि उरलेली दोन मते पॅनलला जातात, आणि पॅनलचे कार्यकर्ते शेवटच्या दोन दिवसांत ते एक मतही ओढून नेतात. मी असाच पडलो. म्हणून एकतर प्रभागातील आणखी दोन साथीदार जोडावेत, नाहीतर पॅनलमध्ये जाताना खर्च कोण करणार, निवडून आल्यावर उपसरपंचाच्या निवडीत मत कोणाला, आणि आपल्या आळीचे कोणते काम पहिल्या वर्षी होणार, हे चार माणसांसमक्ष ठरवून घ्यावे.

येथे एक दुःखाची गोष्ट स्वीकारावी लागते. मदत करणारा माणूस कोणाचाच शत्रू नसतो. उमेदवार झाल्या दिवसापासून अर्धी भाऊबंदकी त्याच्या विरोधात असते. ज्या काकांच्या घरी आपण रक्ताची बाटली पोहोचवली, ते काका साडूच्या पॅनलचे काम करतात. त्यांना मदतीची आठवण करून देऊ नये. मदतीचा उच्चार केला की ती उधारी ठरते.

अर्ज आणि छाननी

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष द्यावी लागते. शेवटच्या दिवशी सर्व्हर मंदावतो आणि तालुक्याच्या सायबर कॅफेत रांग लागते, म्हणून अर्ज घेणे सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यावा. सोबत गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांचे घोषणापत्र, अपत्यांविषयीचे प्रतिज्ञापत्र, शौचालयाचा दाखला आणि अनामत रकमेची पावती लागते. खर्चासाठी वेगळे बँक खातेही उघडावे लागते. घोषणापत्रातील एकही रकाना रिकामा ठेवू नये. लागू नसेल तेथे "निरंक" लिहावे.

सूचकाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. उमेदवार गावातील कोणत्याही प्रभागाचा मतदार असला तरी चालतो, पण सदस्यपदाचा सूचक ज्या प्रभागातून लढायचे त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. दोन उन्हाळे स्वतःच्या विहिरीचे पाणी वस्तीला देणाऱ्या एका तरुणाने सूचक म्हणून आपल्या जिवलग मित्राची सही घेतली. मित्राचे घर रस्त्याच्या पलीकडे आणि म्हणून दुसऱ्या प्रभागात होते. छाननीला अधिकाऱ्यांनी यादीवर बोट ठेवले, दोन मिनिटांत अर्ज बाजूला गेला, आणि तो तरुण तहसीलच्या आवारातील निंबाखाली संध्याकाळपर्यंत बसून होता. यादीतील सूचकाचा अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही घेऊ नये.

प्रचार आणि पैसा

२०२२ च्या निवडणुकांत ७ किंवा ९ सदस्यांच्या गावात सदस्यपदाच्या उमेदवाराला २५ हजार आणि थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला ५० हजार रुपये खर्चाची मर्यादा होती. १५ किंवा १७ सदस्यांच्या गावात हेच आकडे ५० हजार आणि १ लाख ७५ हजार होते. आपल्या निवडणुकीची मर्यादा नोटिशीत पाहून घ्यावी. हिवाळ्यात निवडणूक लागली की खान्देशात मळ्यांतून तुरीच्या काड्यांवर वांगी भाजण्याचा धूर दिसू लागतो आणि भरिताच्या पंगती बसतात. त्या पंगती उमेदवाराच्या खर्चात धरल्या जातात आणि मतदारांना जेवण घालणे हा आचारसंहितेचा भंगही आहे. शिवाय पंगतीच्या स्पर्धेत गल्लीतील कार्यकर्ता कधीच जिंकत नाही. त्याने प्रत्येक घरी किमान तीनदा जावे. पहिल्यांदा ऐकण्यासाठी जावे आणि वहीत लिहून घ्यावे, दुसऱ्यांदा त्या घराच्या अडचणीचे काम कोणत्या निधीतून होऊ शकते ते सांगावे, आणि तिसऱ्यांदा केवळ चिन्ह दाखवावे. घरात अहिराणी बोलली जात असेल तर अहिराणीतच बोलावे, लेवा गणबोली असेल तर त्या बोलीत. भाषणाची मराठी सभेसाठी ठेवावी.

निकालानंतरचे तीस दिवस

जिंकलेला असो वा पडलेला, प्रत्येक उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. पडलेले उमेदवार ही गोष्ट हमखास विसरतात आणि पुढच्या निवडणुकीला पाच वर्षांसाठी अपात्र ठरल्याची नोटीस हाती घेऊन येतात. बॅनरची, रिक्षाची, चहाची बिले रोजच्या रोज एका पाकिटात टाकावीत आणि बिनविरोध निवडून आला तरी हिशेब द्यावा.

निवडून आल्यास मंडळाचे बँक पासबुक, वर्गणीची वही आणि टाळ्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडे लेखी सोपवावी, कारण सदस्य आणि मंडळाचा खजिनदार या दोन खुर्च्यांवर एकच माणूस बसला की पहिल्याच गणपतीला आरोप होतात. पडल्यास तेच पासबुक आपल्याकडे राहू द्यावे आणि पुढच्या ग्रामसभेचा विषय लेखी देऊन त्याची पोच फाइलला लावावी.